‘डिस्टिल्ड वॉटर’ हा शब्द आणि घरी तयार करायचे इंजेक्शन

सप्रेम नमस्कार.

सेट्रोरेलिक्स या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातल्या औषधाचे पावडरीचे इंजेक्शन घरी कसे तयार करावे, या माझ्या लेखावर आपण निपाणीहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. पावडर ‘डिस्टिल्ड वॉटर’मध्ये विरघळवावी असे लिहिणे घातक आहे, हे काम नर्सचे असून ते खेड्यातल्या बायकांच्या हाती देऊ नये, आणि असे लेख वाचून जिममधली मुले वजन कमी करण्यासाठी कुरिअरने मागवलेल्या पावडरी टोचून घेतील, असे आपले म्हणणे आहे.

पाण्याबाबतचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि चूक माझीच आहे. आयुष्यभर वॉर्डात काम केल्यामुळे तिथली बोली माझ्या लेखणीत उतरली. बेळगाव, खानापूर, चिकोडी, कुठल्याही दवाखान्यात सिस्टर ‘डिस्टिल्ड वॉटर दे’ म्हणते, तेव्हा तिला इंजेक्शनासाठी निर्जंतुक केलेल्या पाण्याची सीलबंद अँप्यूल हवी असते आणि समोरच्याला ते कळते. पण हाच शब्द इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याच्या कॅनवरही असतो, आणि तो कॅन आपल्याकडे अनेक घरांत जिन्याखाली ठेवलेला असतो. त्या पाण्यातले क्षार काढलेले असतात. ते निर्जंतुक नसते. ते उकळून घेतले तरी चालत नाही, कारण उकळल्याने जंतू मेले तरी त्यांच्या पेशींतून पाण्यात उतरलेली, ताप आणणारी द्रव्ये तशीच राहतात. औषधासोबतचे माहितीपत्रक इंग्रजीत असते आणि ते ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच मी लिहीत होते; त्यामुळे एका शब्दाची ही ढिलाई मला अधिकच लागली.

हे काम घरी होऊच नये, हे मात्र मला पटत नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीजे काढून घेण्याआधीच ती सुटून जाऊ नयेत, म्हणून हे औषध देतात. बीजे वाढवणारी इंजेक्शने सुरू झाल्यावर साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून, बीजे पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन देईपर्यंत, ते रोज ठरलेल्या वेळी घ्यावे लागते. ते विरघळवल्यावर लगेच टोचायचे असते, म्हणून सकाळी बेळगावच्या दवाखान्यात सिरिंज भरून घेऊन संध्याकाळी गावी टोचणे, हा अनेकांना सुचणारा मार्ग मुळातच बंद आहे. कणकुंबी-जांबोटीकडच्या बाईने भर पावसाळ्यात रोज बेळगाव गाठावे, की गावातल्या सिस्टरला बोलवावे? दुसरा मार्ग सोपा दिसतो, पण मूल होण्यासाठी उपचार चालू आहेत हे कितीतरी जोडपी सख्ख्या भावकीलाही सांगत नाहीत. रोज संध्याकाळी घरी सिस्टर आली की गल्लीला कळते. अशा वेळी डोस चुकतो, आणि एका चुकलेल्या डोसाने महिनाभराचा उपचार व त्यासाठी काढलेले कर्ज दोन्ही वाया जाऊ शकते. पहिला डोस दवाखान्यातच घ्यावा आणि क्वचित येणाऱ्या ॲलर्जीसाठी त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबावे, हे मी लेखात लिहिले होते. त्याच अर्ध्या तासात पुढच्या डोसाची तयारी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवावी, हे आता त्यात जोडते.

खेड्यातल्या बायकांना हे जमणार नाही, असे मी माझ्या अनुभवावरून म्हणू शकत नाही. त्यांच्याकडून होणारी नेहमीची चूक अज्ञानातून होत नाही, ती चांगल्या सवयीतून होते. लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या पावडरीत पाणी घालून बाटली खळखळ हलवायची, हे प्रत्येक आईला पाठ असते, आणि त्याच हाताने ती ही व्हायल, म्हणजे औषधाची कुपीही हलवते. सेट्रोरेलिक्ससारखे पेप्टाइडचे, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारखे औषध असे हलवायचे नसते, कारण फेस होतो आणि फेसात अडकलेले औषध सिरिंजमध्ये येत नाही. रबराचे बूच स्पिरिटच्या कापसाने पुसून वाळू द्यावे, पाणी व्हायलच्या आतल्या कडेने सावकाश सोडावे, व्हायल तळव्यात धरून हलकेच फिरवावी, द्रावण पाण्यासारखे नितळ दिसल्यावर सगळे ओढून घ्यावे आणि टोचण्यासाठी दुसरी, बारीक सुई लावावी. गढूळ दिसले किंवा कण दिसले, तर टोचू नये आणि दवाखान्यात फोन करावा.

पावडरीच्या प्रमाणाविषयी एक गोष्ट लेखात राहून गेली होती. मूळ बनावटीच्या ०.२५ मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये सुमारे ५५ मिलिग्रॅम मॅनिटॉल हे साखरेसारखे भरणद्रव्य असते, म्हणजे डोळ्यांना दिसणारी जवळजवळ सगळी पावडर मॅनिटॉलचीच असते आणि औषध त्यात दिसण्याइतके नसतेच. म्हणून अर्धी पावडर म्हणजे अर्धा डोस, असा हिशेब कोणी करू नये.

जिममधल्या मुलांबद्दलची आपली काळजी खरी आहे, पण माझी कृती त्यांना उपयोगी पडणार नाही. लेबलावर औषधाचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक आणि मुदत असलेल्या, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेल्या व्हायलसाठीच ती आहे. ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का असलेल्या कुपीत काय आणि किती आहे हे कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे कितीही स्वच्छ हातांनी विरघळवले तरी ते सुरक्षित होत नाही. त्यातून ही मुले मात्रा इन्सुलिनच्या सिरिंजवर मोजतात. लाल टोपणाच्या ४० युनिटच्या सिरिंजवर १० युनिट म्हणजे ०.२५ मिलिलिटर, तर केशरी टोपणाच्या १०० युनिटच्या सिरिंजवर तेच १० युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर, टोपणाचा रंग पाहिला नाही तर अडीचपट औषध अंगात जाते. वजन कमी करण्यासाठी डॉक्टर देतात ते सेमाग्लुटाइडचे मान्यताप्राप्त इंजेक्शन तयार द्रवरूपातच मिळते आणि त्यात घरी काही कालवावे लागत नाही, एवढे त्यांना सांगितले तरी पुरे आहे.

लेखातले वाक्य मी आज बदलले आहे. ते आता असे आहे : ‘खोक्यात औषधासोबत आलेले पाणीच वापरावे, ते फुटले किंवा सांडले, तर मेडिकलमध्ये खोके दाखवून इंजेक्शनासाठीच्या निर्जंतुक पाण्याची सीलबंद अँप्यूल घ्यावी, आणि बॅटरीचे, फिल्टरचे किंवा उकळलेले पाणी कधीही वापरू नये.’ निपाणीकडे या अँप्यूलला दुकानात आणखी कोणत्या नावाने मागतात, हे आपण कळवलेत तर तो शब्दही मी त्यात घालीन.