एर्न्स्ट मायला हिटलरने हाकललं नव्हतं

"गरीब कामगारांसाठी पंधरा हजार घरं बांधणाऱ्या, जगाला मॉड्युलर किचन देणाऱ्या एर्न्स्ट मायला हिटलरने १९३० साली देशाबाहेर हाकललं आणि त्याची कारकीर्द संपली." जर्मन वास्तुविशारद मायबद्दलचा हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. घरांचा आकडा साधारण बरोबर आहे. बाकीच्यात बरीच गडबड आहे.

आधी तारखा बघू. माय १९२५ मध्ये फ्रँकफर्ट महापालिकेच्या बांधकाम खात्याचा प्रमुख झाला आणि ऑक्टोबर १९३० मध्ये सोव्हिएत रशियाला गेला. हिटलर चान्सलर झाला ३० जानेवारी १९३३ ला! माय गेला कारण १९२९ च्या मंदीनंतर पालिकेची घरबांधणी रखडली आणि तिकडे मॅग्निटोगोर्स्कसारखी अख्खी शहरं उभारायचं आमंत्रण हातात होतं. नाझींना तो डोळ्यांत खुपत होता, हे मात्र खरं. म्हणूनच १९३३ मध्ये रशिया सोडल्यावर तो मायदेशी न परतता पूर्व आफ्रिकेत गेला.

आता स्वयंपाकघर. ते मायचं नाहीच. १९२६ मध्ये ते आखलं त्याच्या खात्यातल्या मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्कीने. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची जागा, दिवाणखान्याकडे सरकतं दार, आणि भिंतीत ॲल्युमिनियमचे छोटे खण: मूठ धरून खण बाहेर ओढायचा आणि पुढच्या चोचीतून साखर किंवा तांदूळ थेट पातेल्यात ओतायचा. डबा शोधा, झाकण उघडा, ही भानगडच नाही. गंमत म्हणजे तोवर आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असं बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं. प्रमुखाच्या नावावर हाताखालच्यांचं काम खपणं आपल्याला नवं नाही, पण निदान इथे तरी नाव ठाऊक आहे.

'गरिबांसाठी' हा हेतू होता. प्रत्यक्षात भाडी अकुशल मजुराच्या आवाक्याबाहेरच राहिली. र्‍योमरश्टाटसारख्या वसाहतींत राहायला आले ते मुख्यतः कारकून, नोकरदार आणि कुशल कारागीर.

कारकीर्द संपली म्हणावं, तर त्याने टांगानिकात (आजच्या टांझानियात) शेती केली, नैरोबीत कार्यालय थाटलं, जर्मन म्हणून ब्रिटिशांच्या नजरकैदेत दिवस काढले आणि सुटल्यावर कंपालाचा विस्तार आराखडा केला. १९५० च्या दशकात तो जर्मनीत, हॅम्बुर्गला परतला. ब्रेमेनमधल्या नॉये फार या सुमारे दहा हजार घरांच्या वसाहतीचं काम १९५७ मध्ये सुरू झालं. तिच्या आराखडाकारांतही माय होता, वयाच्या सत्तरीनंतर.