साहेबांना फेटाळायला सोपा जाईल असा माहिती अर्ज

पोलीस ठाण्यातून एखादा कागद मिळवायचा असेल, तर आधी ठाण्याची बाजू समजून घ्या. गणपतीचा बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, निवडणुका, कोर्टाची समन्सं, आणि त्यात तुमचा माहिती अधिकाराचा अर्ज. तो जितक्या लवकर निकाली निघेल तितकं सगळ्यांचं भलं, आणि निकाली काढायचा सर्वांत सोपा मार्ग फेटाळण्याचा. अर्ज विनासायास फेटाळता यावा एवढी काळजी सुजाण नागरिकानं घ्यायलाच हवी.

सुरुवात ‘का’पासून करा. ‘माझ्या तक्रारीवर गुन्हा का दाखल केला नाही? संबंधित अधिकाऱ्याला पाठीशी का घातलं जात आहे? हा न्याय आहे का?’ असे प्रश्न जन माहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या साहेबांच्या, मनाला फार गारवा देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच सांगून ठेवलंय की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचं स्पष्टीकरण म्हणजे या कायद्यातली ‘माहिती’ नव्हे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की जे दप्तरी नाही ते तयार करून देण्याचं किंवा मत देण्याचं बंधन कार्यालयावर नाही. म्हणजे तुमच्या तीन पानी संतापाला एका ओळीचं उत्तर पुरतं आणि साहेब जेवायला वेळेवर घरी जातात.

काही आगाऊ लोक मात्र प्रश्नचिन्ह वापरतच नाहीत. ते लिहितात: ‘अमुक तारखेला दिलेला, बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) अमुक आवक क्रमांकानं नोंदलेला माझा तक्रार अर्ज ज्या अधिकाऱ्याकडे चौकशीला दिला त्या नोंदीची, त्यांनी सादर केलेल्या चौकशी अहवालाची, आणि त्या दिवशी सायंकाळी ६ ते ८ दरम्यानच्या स्टेशन डायरीतील संबंधित नोंदीची साक्षांकित प्रत द्यावी.’ तीन कागद, तिन्ही ठाण्यात असलेच पाहिजेत, आणि एखादा नसेल तर ‘नाही’ असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. हे ‘नाही’ पुढे कोर्टात तुमच्या तक्रारीपेक्षा जास्त बोलतं. असला चावटपणा आपण करायचा नाही.

अर्ज लांबलचक असू द्या. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका अर्जात एकच विषय आणि सर्वसाधारणपणे १५० शब्द अशी मर्यादा आहे. तेव्हा शेजाऱ्याची मारहाण, सोसायटीतलं पार्किंग, हरवलेला मोबाइल आणि कोपऱ्यावरचा मटक्याचा अड्डा हे सगळं एकाच अर्जात येऊ द्या. माहिती कशासाठी हवी, हेही सविस्तर लिहा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे कारण सांगायची गरज नाही, पण कारण सांगितल्याशिवाय साहेबांना तुमचा ‘वैयक्तिक हेतू’ कसा दिसणार?

आता शुल्क. ते दहा रुपये. कोर्ट फी स्टँप लावायचा असतो, म्हणून आपण रसिदी तिकीट लावायचं. दोन्ही छोटे आणि चिकटणारे, फरक कोण बघतं? (बारनिशीतला कारकून बघतो. तो दुसरं काहीच बघत नाही.) दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, पण दाखल्याची प्रत जोडली तर; त्यामुळे जोडू नका. राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून शुल्क भरलं की नोंदणी क्रमांक आणि तारीख आपोआप मिळते, आणि तारीख हातात असलेल्या नागरिकाला गप्प बसवणं अवघड जातं, म्हणून तिकडे फिरकू नका.

अर्ज कोणाला द्यायचा? जन माहिती अधिकारी कोण आणि प्रथम अपिलीय अधिकारी कोण, हे प्रत्येक ठाण्याबाहेरच्या फलकावर लिहिलेलं असायला हवं. आयुक्तालयात जन माहिती अधिकाऱ्याचा मान बऱ्याचदा सहायक आयुक्तांकडे असतो, ग्रामीण भागात वेगळी रचना दिसते. फलक न वाचता अर्ज थेट गृहमंत्र्यांना पाठवा आणि प्रत मुख्यमंत्र्यांना. कलम ६(३) सांगतं की अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा. तो मंत्रालयातून महासंचालक, तिथून आयुक्त, तिथून परिमंडळ असा देवदर्शन घेत उतरतो. खाली पोचेपर्यंत तुमचीच उत्सुकता ओसरलेली असते.

एफआयआरची प्रत माहिती अधिकारातच मागा. फिर्यादीला ती तिथल्या तिथे मोफत द्यायची असते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) मध्ये तसं स्पष्ट आहे. शिवाय २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळून. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर जिल्हा आणि तारखा टाकून ती शोधता येते. पण जी गोष्ट पाच मिनिटांत मिळते तिच्यासाठी अर्जाच्या उत्तराच्या मुदतीचे ३० दिवस थांबण्यात एक तपश्चर्या आहे. तसंच, तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवणं संहितेच्या कलम १९३ नं पोलिसांवरच टाकलंय, हे चुकूनही अर्जात लिहू नका.

तपास चालू असलेल्या गुन्ह्यात ‘संपूर्ण फाईल’ मागा. हा फेटाळणीचा राजमार्ग. कलम ८(१)(ज) खाली तपासाला, अटकेला किंवा खटल्याला अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. आता, दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्ये म्हटलंय की तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही, अडथळा नेमका कसा येईल ते दाखवावं लागतं. पण ते वाचून अपिलात ‘अडथळा कसा, ते आदेशात नाही’ अशी एक ओळ लिहिणारे लोक फार त्रासदायक असतात. त्याहून त्रासदायक ते, जे कलम १० वर बोट ठेवून साक्षीदारांची नावं काळी करा आणि उरलेला भाग द्या म्हणतात. आपण केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याची तपासाची रोजची नोंदवही, मागावी. ती आरोपीलासुद्धा मागता येत नाही, तर तुम्हाला कुठून मिळणार? दोषारोपपत्रही मागून बघा. ते सरसकट सगळ्यांसाठी खुलं करायला सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये नकार दिलाय. हवालदाराची रजा, पगार आणि जातपडताळणी मागितली तर वैयक्तिक माहिती नाकारू देणारं कलम ८(१)(ञ) तयारच आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) कायद्यानं ते इतकं आखूड करून टाकलंय की ‘वैयक्तिक’ हा एक शब्दही पुरेसा व्हावा. व्यापक जनहित असल्यास अशीही माहिती देऊ देणारं कलम ८(२) अजून जिवंत आहे, पण ते अर्जात कोण लिहितं?

सीसीटीव्हीचं चित्रण हवं असेल तर घाई करू नका. डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ठाण्यातलं चित्रण १८ महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान वर्षभर, जपून ठेवायला सांगितलंय. म्हणून दोन वर्षं विचार करून मग अर्ज करा. अर्जात कॅमेऱ्याची जागा, तारीख, वेळ काही देऊ नका, ‘त्या दिवसाचं फुटेज’ एवढंच लिहा. ‘तांत्रिक बिघाडामुळे चित्रण उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं की समाधान माना. त्याच निकालात कॅमेरे चालू ठेवण्याची आणि बिघाड कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीला कळवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखावर टाकलेली आहे. बिघाड कळवल्याच्या पत्राची आणि दुरुस्तीच्या नोंदीची प्रत मागितली, की बिघाड नेमका त्याच दोन तासांत कसा झाला ते कागदावर येतं. कशाला एखाद्याचं प्रमोशन अडवायचं?

‘अभिलेख गहाळ आहे’ या उत्तराचंही तेच. गहाळ झाल्याची नोंद, शोध घेतल्याचा अहवाल, नष्ट केला असल्यास नष्ट केलेल्या कागदांची यादी आणि त्यावरची मंजुरी, यातलं काहीएक मागू नका. सार्वजनिक अभिलेखांसाठी महाराष्ट्रानं २००५ चा वेगळा कायदा केलाय आणि त्यात शिक्षाही आहे, हे ज्यांना माहीत असतं त्यांचे कागद का कोण जाणे आठवड्यात सापडतात.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊ नका. ठाणे अंमलदार ‘ठेवा इथे, बघतो’ म्हणाले की ठेवा आणि निघा. उत्तर आलं की लिफाफा फेकून द्या. पत्रावर २८ व्या दिवसाची तारीख असते, टपालाचा शिक्का ४१ व्या दिवसाचा असतो, आणि अपिलाची मुदत पत्र हातात पडल्यापासून मोजतात. शिक्का हरवला की गणितही हरवलं. एकोणतिसाव्या दिवशी ‘तीन पृष्ठांचे सहा रुपये भरा’ असं पत्र आलं तर रुसून बसा. भरणा होईपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत, त्यामुळे तुमचा रुसवा साहेबांना मुदतवाढ म्हणून उपयोगी पडतो. मुदत उलटल्यावर पैसे मागितले तर मात्र आनंदानं भरा, कलम ७(६) प्रमाणे ती माहिती मोफत असते हे मनातही आणू नका.

कागद प्रत्यक्ष बघायला बोलावलं तर शाईचं पेन घेऊन जा. आपल्या नियमांप्रमाणे निरीक्षणाच्या वेळी फक्त पेन्सिल चालते, पेन बाहेर जमा करावं लागतं, आणि या विषयावर पहिला तास सहज जातो. फुकट असतो तो तोच एक तास.

पहिलं अपील ३० दिवसांत, वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टँपसह करायचं असतं. त्यात कोणती माहिती मिळाली नाही ते लिहू नका, ठाण्यात चहा विचारला नाही ते लिहा. सुनावणीत वरिष्ठ प्रेमानं विचारतील, ‘अहो, तुम्हाला नेमकं हवंय काय?’ आणि फौजदाराला तिथल्या तिथे झापतीलही. तेवढ्यावर खूश होऊन लेखी आदेश न घेता घरी या. आदेश नसला की राज्य माहिती आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलाची ९० दिवसांची मुदत कुठून मोजायची, यावर निवांत वाद घालता येतो. आयोगाची तारीख लागली की प्रवासाचा कंटाळा करा. कलम २० मधला दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपयांचा दंड अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो, त्यामुळे समोरून मात्र एक अधिकारी फायली घेऊन, इस्त्रीच्या गणवेशात, वेळेच्या आधी हजर असेल. त्याला एकट्यालाच बोलू द्या.