हिरवा त्रिकोण म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे

खरीप सुरू झाला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण कसा ओळखायचा, हे त्यात सांगितलेलं असतं. लाल सर्वात जालीम, कीड लगेच खलास. पिवळा त्याखालोखाल. निळा सौम्य. हिरवा निर्धोक, हातमोजे-मास्क नसले तरी चालतं. शेवटी ‘सर्व शेतकरी बांधवांना पाठवा’. रंगांचा क्रम यात बरोबर आहे आणि म्हणूनच त्याला चिकटलेलं चुकीचं सगळं सहज गळी उतरतं.

‘लाल म्हणजे कीड लवकर मरते.’ रंगाचा किडीशी काहीही संबंध नाही. 1971च्या कीटकनाशक नियमांनुसार प्रत्येक डब्यावर पतंगासारखा उभा चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला, म्हणजे त्रिकोणातला, रंग प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून ठरतो. पोटात गेलेल्या विषाने निम्मे प्राणी दगावायला शरीराच्या दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत मात्रा पुरली, तर लाल. 51 ते 500 लागली तर पिवळा, 501 ते 5000 तर निळा, त्याहून जास्त तर हिरवा. कातडीतून जाणाऱ्या विषासाठी वेगळे आकडे आहेत. म्हणजे फवारणाऱ्याच्या जिवाला किती धोका, याचा हा अंदाज आहे. बोंडअळी मरेल की नाही, हे त्यातून कळत नाही. दुकानात ‘लालवालं द्या’ म्हणणारा माणूस जादा गुण नाही, जादा धोका विकत घेतो. मोनोक्रोटोफॉस याच लाल गटातलं आणि भाजीपाल्यावर ते वापरायला मनाई आहे. ‘जोरदार आहे’ म्हणून ते वांग्यावर मारायला सांगणारा माणूस ती वांगी खाणाऱ्यांच्या जिवाशीही खेळतो.

‘पिवळा जरा कमी धोक्याचा.’ पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्या गटात मोडतं. त्यावर उतारा नाही. एखादा घोट पोटात गेला तरी फुप्फुसं निकामी होऊन माणूस काही दिवसांनी दगावू शकतो. सुरुवातीला तो बोलतो-चालतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं वाचला. रंग फक्त एका मात्रेचा तात्कालिक परिणाम मोजतो. उतारा आहे की नाही, हे रंग सांगत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होईल, तेही नाही.

‘निळ्या-हिरव्याला हातमोजे कशाला?’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. हिरव्या त्रिकोणाच्या वर ‘सावधान’ आणि निळ्याच्या वर ‘धोका’ असा इशारा छापलेला असतो, तो उगाच नाही. शिवाय पंपात ओतताना हातावर सांडतं ते पाणी न घातलेलं, डब्यातलं जसंच्या तसं औषध असतं. 2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20हून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, अंगावर ना हातमोजे ना मास्क, आणि पंपात दोन-तीन औषधांचं मिश्रण. डब्यावरचा रंग त्या डब्यापुरता असतो. मिश्रणाला कुठलाच रंग दिलेला नसतो, हे फवारणाऱ्या मजुराला कोणी सांगतं का?

‘रंग कळला की पुरे, मग औषध कशातही काढून ठेवा.’ असं केलं की लेबल मागे राहतं आणि विष घरात येतं. जुलै 2013मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं मध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं होतं, असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीत औषध काढू नका आणि औषधाचा रिकामा डबा धुऊन घरात वापरू नका. रिकाम्या डब्याला भोकं पाडून तो पुन्हा वापरता येणार नाही असा करा.

‘विषबाधा झाली तर दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात, काळजी नको.’ अ‍ॅट्रोपिन हा उतारा चालतो तो मुख्यतः मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशा फॉस्फरस गटातल्या विषांवर. सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकांवर खास असा उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करतात. पॅराक्वाटच्या रुग्णाला तर गरज नसताना ऑक्सिजन दिला तरी फुप्फुसांची हानी वाढते. डॉक्टरांना यातलं काय करायचं ते ठरवायला औषधातल्या घटकाचं नाव लागतं, ते लेबलवरच असतं, आणि उताऱ्याची माहितीही तिथेच किंवा सोबतच्या पत्रकात छापलेली असते. ‘पिवळ्या डब्यातलं होतं’ एवढ्याने त्यांचं भागत नाही. रुग्णाला गाडीत घालताना डबाही सोबत घ्या. तो सापडत नसेल तर दुकानदाराला फोन करून बिलावरचं नाव विचारा. फवारणीच्या सकाळीच लेबलचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवला, तर ही धावपळही वाचेल.