रामानुजन यांनी ‘कृष्णविवराचं सूत्र’ लिहिलं नव्हतं

२२ डिसेंबर, म्हणजे गणितज्ञ रामानुजन यांचा जन्मदिवस, जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. ‘१९२० मध्ये मृत्युशय्येवर असलेल्या रामानुजन यांनी देवीने स्वप्नात दिलेलं कृष्णविवराचं सूत्र लिहून ठेवलं. तेव्हा कृष्णविवर जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१२ मध्ये अमेरिकेने ते सिद्ध केलं.’ यातली दोन्ही सालं बरोबर आहेत, बाकी मजकूर बराच सैल आहे.

आधी ‘सूत्र’. १२ जानेवारी १९२० रोजी रामानुजन यांनी मद्रासहून इंग्रज गणितज्ञ हार्डी यांना जे पत्र लिहिलं, त्यात ‘मॉक थीटा’ नावाची फलनं (फंक्शन्स) आणि त्यांची १७ उदाहरणं आहेत. गुरुत्वाकर्षणाचा मागमूस नाही. ही फलनं आधीपासून माहीत असलेल्या थीटा फलनांसारखी वाढतात, पण त्यांची सममिती (चल ठराविक रीतीने बदलला तरी फलनाचं रूप टिकणं) पाळत नाहीत. असं का, हे २००२ मध्ये सँडर झ्वेगर्स यांच्या प्रबंधात कळलं: ठराविक पूरक पद जोडलं की सममिती परत येते. स्वप्नाचं म्हणाल, तर रामानुजन नामगिरी देवीला श्रेय देत. ती त्यांची श्रद्धा, त्यावर वाद नको.

‘कुणालाच ठाऊक नव्हतं’ हे अर्धसत्य. कृष्णविवर ज्यात दडलं होतं, ते आइन्स्टाइनच्या समीकरणांचं श्वार्झशिल्ड यांनी काढलेलं गणिती उत्तर १९१६ मध्येच छापून आलं होतं, त्याचा अर्थ लागायला मात्र दशकं गेली.

आता २०१२. त्या वर्षी केन ओनो आणि सहकाऱ्यांनी पत्रातल्या एका गणिती विधानाचा उलगडा केला आणि कृष्णविवरांच्या अभ्यासात याचा उपयोग होऊ शकेल, असं म्हटलं. फॉरवर्ड होता होता ‘होऊ शकेल’चं ‘झालं’ झालं.

कृष्णविवरांशी थेट जोडणारं काम त्याच वर्षी दुसऱ्या तिघांनी केलं: अतीश दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए. दाभोलकर आपल्या कोल्हापूरकडचे, मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षं होते. मेसेजमध्ये त्यांचं नाव कधी दिसलं नाही. त्यांचा प्रश्न मोजणीचा होता. स्ट्रिंग थिअरीतल्या (कण म्हणजे कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा, असं मानणाऱ्या सिद्धांतातल्या) एका प्रकारच्या कृष्णविवराच्या सूक्ष्म अवस्था, म्हणजे त्याच्या आतल्या शक्य मांडण्या, मोजणारं फलन आधीच हाती होतं, पण त्यात एकट्या कृष्णविवरासोबत दोन-दोन कृष्णविवरांच्या जोड्याही मोजल्या जात. बाहेरची परिस्थिती बदलली की या जोड्या फुटतात आणि आकडा उडी मारतो. जोड्यांचा वाटा वजा करावा, तर उरलेल्या फलनाची सममिती मोडते. ती कशी मोडते? नेमकी मॉक फलनांची मोडते तशी!

आणि ही कृष्णविवरं आकाशातली नव्हेत. ती अतिसममित (‘सुपरसिमेट्री’ ही गणिती सममिती पाळणारी) आहेत, त्यांचं तापमान शून्य आहे. २०१९ मध्ये ज्याचं छायाचित्र आलं, त्या एम८७ च्या कृष्णविवराला हे गणित लागू नाही.

रामानुजन यांना कृष्णविवरांशी जोडणारा त्याहून सरळ धागा १९१८ चा आहे. ४ ही संख्या बेरजेनं ५ प्रकारे लिहिता येते, १०० ही १९,०५,६९,२९२ प्रकारे. अशा प्रत्येक प्रकाराला विभाजन म्हणतात. ही वाढ कशी होते, हे हार्डी-रामानुजन यांनी त्या वर्षी सांगितलं. स्ट्रिंगची ऊर्जा तिच्या लांबीला आडव्या अशा २४ दिशांच्या कंपनांत वाटायची, तर प्रकार १, २४, ३२४, ३२०० असे वाढत जातात. म्हणजे तीच विभाजनं, फक्त २४ रंगांत. त्यांची वाढ त्याच पद्धतीनं काढतात आणि तिचा लॉगॅरिदम म्हणजे एंट्रॉपी, शक्य अवस्था किती याचं माप. योग्य दुरुस्त्या धरल्या की तो कृष्णविवराच्या एंट्रॉपीशी जुळतो, हे दाभोलकरांनीच २००४ मध्ये दाखवलं.