डिस्कार्ड लावूनही थिन पूल रिकामा का होत नाही: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: लेखात सांगितल्याप्रमाणे प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) डिस्कला डिस्कार्ड (मोकळे झालेले ब्लॉक खालच्या स्टोरेजला कळवण्याची सोय) लावलं, व्हीएममधले ६० जीबी जुने लॉग उडवले, एफएसट्रिम (मोकळी जागा कळवणारी, म्हणजे ‘ट्रिम’ करणारी कमांड) चालवलं, तरी होस्टवरचा, म्हणजे मूळ यंत्रावरचा, थिन पूल (व्हीएमच्या डिस्कांना लागेल तशी जागा देणारा सामाईक साठा) ९२.५ टक्क्यांवरून जेमतेम ९१.४ वर आला. पुन्हा चालवलं तर एफएसट्रिम ‘० बाइट’ म्हणालं. म्हणून डिस्कार्डचा सल्ला फुकट आणि थिन प्रोव्हिजनिंग (डिस्कला जागा आधी न देता लिहिलं जाईल तशी देणं) ही धूळफेक.

तुम्हीच चिकटवलेलं एलव्हीएसचं (लिनक्समधली डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था एलव्हीएम, तिची यादी दाखवणारी कमांड) आउटपुट बघा. व्हीएम १०१ ची डिस्क २०० जीबीची, तिच्यापुढे डेटा ४१ टक्के, म्हणजे ८२ जीबी. ट्रिम खालपर्यंत पोहोचलंच नसतं तर इथे १४० जीबीच्या आसपास भरलेलं दिसलं असतं. डिस्कार्डने आपलं काम चोख केलंय. आता त्याखालची, ‘स्नॅप’ने सुरू होणाऱ्या नावाची ओळ: २०० जीबी, ६९ टक्के. अपग्रेडच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणीची जपलेली स्थिती) अजून तिथेच आहे आणि त्याने १३८ जीबी धरून ठेवलेत, त्यातले काही मूळ डिस्कशी सामाईक.

थिन पूलमध्ये स्नॅपशॉट घेताना डेटाची प्रत होत नाही. मूळ डिस्क आणि स्नॅपशॉट दोघांच्या नोंदी त्याच ब्लॉककडे जातात. ट्रिमने मूळ डिस्कची नोंद पुसली, स्नॅपशॉटची राहिली, आणि शेवटची नोंद जाईपर्यंत पूल तो ब्लॉक मोकळा करत नाही. स्नॅपशॉटनंतर लिहिले गेलेले लॉग तेवढे खरोखर सुटले. तुम्हाला दिसलेला तो एक टक्का त्यांचाच.

‘० बाइट’चं कारण निराळं आहे. कुठला भाग ट्रिम झाला हे व्हीएममधली ईएक्सटी४ फाइल सिस्टिम मेमरीत लक्षात ठेवते आणि पुन्हा माउंट होईपर्यंत त्या भागासाठी दुसऱ्यांदा डिस्कार्ड पाठवत नाही. यात बिघाड काही नाही.

आता करायचं काय? आधी व्हीएमचा बॅकअप दुसऱ्या स्टोरेजवर घ्या. (स्नॅपशॉट त्याच पूलवर राहतो. पूल गेला की तोही गेला, त्यामुळे त्याला बॅकअप समजू नका.) मग व्हीएमच्या स्नॅपशॉट्स टॅबमध्ये जुना स्नॅपशॉट निवडून रिमूव्ह करा. तिथेच रोलबॅकचंही बटण आहे. घाईत ते दाबलंत तर उडवलेले बहुतेक लॉग परत येतील आणि अपग्रेडनंतरचं सगळं काम जाईल. एलव्हीएम-थिनवर रिमूव्ह करताना डेटा इकडून तिकडे हलवावा लागत नाही, त्यामुळे फार वेळ लागत नाही. तुमच्या ३५० जीबीच्या पूलमध्ये निदान ५६ जीबी सुटतील, म्हणजे पूल ७५ टक्क्यांच्या आसपास येईल. स्नॅपशॉट घेताना रॅमची टिक ठेवली असेल तर ‘स्टेट’ नावाचा वेगळा व्हॉल्यूमही जाईल आणि आकडा आणखी उतरेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: डिस्कार्डची टिक लावल्यावर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आतून दिलेल्या रीबूटने बदल लागू होत नाही. व्हीएमच्या आत लक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर तेही डिस्कार्ड वाटेतच अडवतं, क्रिप्टटॅब या त्याच्या सेटिंग फाइलमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते.

९१ टक्के मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पूल १०० टक्के भरला की लिहिणं आधी काही काळ अडकून राहतं, मग चुका येऊ लागतात आणि त्या पूलवरची कुठलीही व्हीएम थांबू शकते, मग तिच्या आत जागा कितीही मोकळी दिसो. एलव्हीएसमध्ये मेटाडेटाचा (कुठला ब्लॉक कोणाचा या नोंदींचा) रकानाही बघत जा. तो भरला तर दुरुस्ती डेटा भरण्यापेक्षा किचकट. एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये थिन पूल आपोआप वाढवण्याची मर्यादा मुळात १०० असते, याचा अर्थ सोय बंद. ती ८० करा. पण व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (ज्या साठ्यातून पूलला जागा मिळते त्यात) मोकळी जागा नसेल तर तिचा उपयोग शून्य. १२८ जीबीहून मोठ्या डिस्कवर प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर साधारण १६ जीबी राखून ठेवतो, तेवढ्यावर विसंबू नका.

थिन वापरूच नये, हे मला पटत नाही. एकच मोठा डेटाबेस असेल आणि डिस्क पुढेमागे भरणारच असेल, तर साधं एलव्हीएम (डिस्कची पूर्ण जागा आधीच राखणारं) घ्या, माझी हरकत नाही. पण तिथे प्रॉक्समॉक्सच्या आठव्या आवृत्तीपर्यंत स्नॅपशॉटची सोयच नव्हती. नवव्या आवृत्तीत ती आली, तीही प्रायोगिक म्हणून.