लांब रॉडने सीसी वाढत नाही, व्हॉल्व्ह मात्र वाकतो

काल रात्री कळव्याहून भाच्याचा मेसेज: "मामा, स्प्लेंडरला 3 मिलिमीटर लांब कनेक्टिंग रॉड टाकतोय, ॲडव्हान्स देऊ का?" कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी (खालच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारा दांडा. सोबत तोच फॉरवर्ड, जो आमच्या रबाळ्याच्या वर्कशॉपमध्येही महिनाभर फिरतोय. लांब रॉडने सीसी वाढते, पिस्टन जुनाच चालतो, मायलेज वाढतं, इंजिन दुप्पट टिकतं. एक पैसा देऊ नकोस म्हणून कळवलं आणि लिहायला बसलो.

सीसी ठरते बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोकवर (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर). स्प्लेंडरचा बोअर 50, स्ट्रोक 49.5 मिलिमीटर, म्हणून 97.2 सीसी. स्ट्रोक किती, ते क्रँक ठरवतो. रॉडची लांबी या हिशोबात येतच नाही.

"पिस्टन जुनाच चालतो" वाचून मात्र डोकं फिरलं. क्रँक तोच आणि रॉड 3 मिलिमीटर लांब, तर पिस्टन तेवढाच जास्त वर येणार. वर व्हॉल्व्ह असतात, तिथे जागा आहे कुठे? मागे असाच एक पिस्टन माझ्या टेबलावर आला होता. माथ्यावर चंद्रकोरीसारखा ठसा, बोट फिरवलं तर नख अडकत होतं. व्हॉल्व्हचा दांडा वाकलेला. गाडी गायमुखच्या घाटात बंद पडली होती, मागून ट्रेलर येत होते. पोरगा वाचला, एवढंच.

फॉरवर्डवाल्याचा उपाय काय, तर बॅरलखाली, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरखाली, जाड पॅकिंग. अहो, बॅरल उचलला की वरचं हेड आणि त्यातला व्हॉल्व्ह उघडणारा कॅमही वर जातो, पण क्रँकवरून कॅम फिरवणारी टायमिंग चेन तेवढीच राहते. ती ताणली जाते, व्हॉल्व्हचं टायमिंग सरकतं. खरं तर गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं) भोक वर घेतलेला वेगळा पिस्टन लागतो. त्याचा फॉरवर्डमध्ये उल्लेखसुद्धा नाही.

आयुष्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. लांब रॉड कमी तिरका होतो, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर कमी दाबला जातो. पण किती? समजा रॉड 80 मिलिमीटरचा आहे आणि तो 83 केला, तर सगळ्यात जास्त तिरकेपणा 18 अंशांवरून 17.3 च्या आसपास येतो. एवढ्याने आयुष्य दुप्पट? एमआयटीच्या जॉन हेवूड यांचं 1988 चं इंजिनांवरचं पुस्तक इंजिनिअरिंगची पोरं अजून वापरतात. लहान-मध्यम इंजिनांत रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या 3 ते 4 पट असते, असं त्यात आहे. आपल्या उदाहरणातले 80 भागिले 24.75 (क्रँकची त्रिज्या, म्हणजे अर्धा स्ट्रोक) करून पाहा, सव्वातीन येतं. म्हणजे एवढा रॉडही नेहमीच्या मापातच बसतो.

मायलेजचा दावा तर नुसता हवेत आहे.

भाच्याला रविवारी गाडी घेऊन बोलावलंय. टॅपेट आणि चेन टेन्शनर मी स्वतः बघणार आहे.