सगळंच नशीब नव्हतं
अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमधल्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाची सगळी पुण्याई ड्राफ्टच्या लॉटरीची, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीची (जास्त हरणाऱ्या संघाला त्यात जास्त संधी), असं लेखात म्हटलंय ते मला पटलं नाही. १९८७ ला डेव्हिड रॉबिन्सन, १९९७ ला टिम डंकन, २०२३ ला वेम्बान्यामा. तिन्ही वेळा पहिली निवड सॅन अँटोनियोला मिळाली, हे नशीबच, मान्य. त्यातही १९९७! रॉबिन्सन दुखापतीमुळे जेमतेम ६ सामने खेळला, संघ ६२ सामने हरला, आणि तरीही पहिली निवड मिळण्याची जास्त शक्यता बोस्टनचीच होती. पण रॉबिन्सनची नौदलातली नोकरी संपेपर्यंत संघ दोन वर्षं थांबला, त्याचं काय? पुढे स्पर्सचे तारे ठरलेल्यांपैकी पार्कर २८ वा आणि जिनोबिली तर ५७ वा निवडला गेला. तिथे कुठली आलीय लॉटरी? ती पारख होती.

माझ्या काळजाजवळचा संघ २०१४ चा. आदल्या वर्षी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात मायामीच्या रे ॲलनच्या त्या तीन गुणांच्या बास्केटने हातातोंडाशी आलेला घास गेला होता. पुढच्याच वर्षी त्याच मायामीला ४-१ ने हरवलं. डंकन तेव्हा ३८ वर्षांचा! चेंडू असा हातोहात फिरायचा की समोरच्यांना वळायलाही सवड मिळत नसे. ते सामने आजही लावले की मी मधे उठत नाही.